कपाटाला दिलेला नकार

माझे बाबा काच फुंकतात. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, एका टोकाने फुंकर घालायची आणि ती थंड व्हायच्या आत तिला हवा तो आकार द्यायचा, असं ते काम आहे. प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं ते घरामागच्या एका लांबट खोलीत बनवतात. खोलीत एक बर्नर, एक भट्टी, भिंतीशी उभ्या केलेल्या नळ्या आणि एक स्टूल. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, त्यांना लहानपणापासून ‘फुंक्या’ म्हणते. नाव आधी की धंदा आधी, असं विचारलं तर दोघांची उत्तरं वेगळी येतात.

मी पदार्थविज्ञान शिकले. नोकरी मिळेपर्यंत बाबांच्या हाताखाली काम करते. ज्योतीवरून उतरलेली काच बाहेरून लवकर थंड होते आणि आतून उशिरा. त्यामुळे तिच्या पोटात ताण राहतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दोन खास काळपट पट्ट्यांच्या मधे धरली की ताणाच्या जागी रंग उमटतात. मग ती वस्तू पुन्हा भट्टीत जाते आणि अगदी सावकाश थंड केली जाते. हे तपासणं माझ्याकडे आहे. बाबा म्हणतात, या पोरीला दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते बघायची हौस आहे, तिला योग्य काम मिळालं.

कंपनीचा करार आला तेव्हा बाबा खूश होते. कंपनी प्रयोगशाळांना सामान पुरवते आणि तिला कंडेन्सर हवे होते. कंडेन्सर म्हणजे वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणारी, नळीच्या आत नळी असलेली वस्तू. तीन वर्षं सलग काम मिळणार होतं. भट्टी एकदा तापवली की तिला रिकामी ठेवणं बाबांना सोसत नाही, त्यामुळे सलग हा शब्द त्यांना फार आवडला. कराराच्या दोन छापील प्रती आल्या होत्या. दोन्हींच्या शेवटच्या पानावर कंपनीची सही आधीच होती. आपण दोन्हींवर सही करायची, एक ठेवायची, एक परत पाठवायची.

अडचण नवव्या कलमाची होती. कराराच्या मुदतीत कारागीर दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीसाठी किंवा संस्थेसाठी काचेचं उपकरण बनवणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

“हे नको,” बाबा म्हणाले. “बाईंचं काम कोण करणार मग?”

बाई म्हणजे एका संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञ. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेले वायू वेगळे करून त्या मोजतात. त्यासाठी त्यांना एक पाच तोंडांचं भांडं लागतं. बाबा त्याला खेकडा म्हणतात. त्याची तोंडं वेगवेगळ्या कोनांत असतात, आणि एक सांधा करताना आधीचा तडकणार नाही हे सांभाळावं लागतं. बाई पाकिटाच्या मागच्या बाजूला आकृती काढून आणतात, बाबा ती चुकीची ठरवतात, दोघं भांडतात आणि मग जे तयार होतं ते दोघांच्याही डोक्यात आधी नसतं. कंडेन्सर बनवताना बाबा रेडिओ ऐकतात. खेकडा बनवताना रेडिओ बंद असतो.

“ताईला बोलव,” बाबा मला म्हणाले. “सह्यांचं तिला कळतं.”

हे खरंच होतं. आत्याने सगळी नोकरी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत केली आणि शेवटी ती तिथल्या अहवालांवर सही करणारी अधिकारी होती. ती आली, चष्मा पुसला, फूटपट्टी मागितली आणि एकेका ओळीखाली पट्टी सरकवत पूर्ण करार वाचला. मधे चहा आणला तर म्हणाली, “कागदापासून लांब ठेव तो.”

नवव्या कलमाशी तिने पट्टी थांबवली. “हेच ना?”

“हेच,” बाबा म्हणाले.

तिने त्या कलमावर एकच सरळ रेघ ओढली. खालची अक्षरं वाचता येत होती. शेजारी लिहिलं, ‘अमान्य’. “इथे छोटी सही कर, तारीख टाक.” बाबांनी केली. “आमच्याकडे एखादी नोंद चुकली तर गिरवायची नाही, पांढरं फासायचं नाही. एक रेघ, कारण, सही. आधी काय होतं आणि कोणी बदललं, दोन्ही दिसलं पाहिजे.”

मला ही पद्धत फार आवडली. मी विचारलं, “दुसऱ्या प्रतीवर पण करायचं ना?”

“प्रतीवर खाडाखोड करत नाहीत,” आत्या म्हणाली. “मूळ नोंद आपल्या ताब्यात राहते, दुरुस्ती तिच्यावर. बाहेर जाते ती प्रत स्वच्छ जाते. उद्या वाद झाला की मूळ नोंद काढायची. ती खरी धरतात.”

“पण या दोन्हीतली मूळ कुठली?”

“आपण ठेवू ती.” तिने बाबांकडे पाहिलं. “शंकेखोर आहे रे ही.”

“तुझ्यावर गेलीय,” बाबा म्हणाले.

मला तिचं म्हणणं पटलं. प्रयोगाच्या वहीचं आम्हालाही असंच शिकवलं होतं. बाबांनी दोन्हींवर शेवटच्या पानावर सही केली. रेघ ओढलेला करार कपाटात गेला आणि स्वच्छ प्रत कंपनीकडे.

त्यानंतर नुसते कंडेन्सर. बाबांच्या हातून ते एकसारखे उतरत. मी पट्ट्यांमधे धरून बघायची आणि खोक्यात भरायची. रेडिओवरची सगळी गाणी मला पाठ झाली. मग एक दिवस बाईंचा फोन आला. जुना खेकडा सांध्यात तडकला होता आणि त्यांचं मोजमाप मधेच थांबलं होतं. विहिरींचं पाणी काढून ठेवलेलं, ते फार दिवस ठेवलं तर त्यातले वायू बदलतात. बाबांनी रेडिओ बंद केला.

नवा खेकडा भट्टीतून निघून फळीवर ठेवला त्याच सुमाराला कंपनीचे खरेदीसाहेब काम बघायला आले. नीटनेटका माणूस, दारात बूट पुसून आत आला. कंडेन्सर उजेडात धरून पाहिले, समाधान झालं. मग त्यांची नजर फळीवर गेली.

“हे काय आहे?”

“खेकडा,” बाबा म्हणाले.

“आमच्या यादीत नाही हा.”

“तुमचा नाहीच. एका संस्थेचा आहे.”

साहेबांनी हातातला कंडेन्सर जपून खाली ठेवला. “नववं कलम वाचलंत ना तुम्ही?”

“वाचून खोडलंय,” बाबा म्हणाले. “जा गं, कपाटातला कागद आण.”

मी आणला. साहेबांनी ती रेघ पाहिली, ‘अमान्य’ पाहिलं, छोटी सही पाहिली. मग खिशातून फोन काढला आणि त्यांच्याकडच्या प्रतीचं ते पान दाखवलं. नववं कलम तिथे जसंच्या तसं होतं. पुढचं पान सरकवलं. तिथे बाबांची सही होती, स्वच्छ आणि ठळक.

“ही सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग तुमच्या घरी तुम्ही काय खोडलंत ते आम्हाला कसं कळणार?” ते रागावून बोलत नव्हते. खरंच विचारत होते. “हे भांडं आत्ता कुणाला देऊ नका. मी वर विचारतो. करार मोडला असं धरलं तर काम बंद होईल, भरपाईची गोष्टही निघेल. तसं व्हावं अशी माझी इच्छा नाही.”

ते गेल्यावर बाबांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला. बर्नर चालूच होता. मी तो बंद केला.

वकीलबाईंचं ऑफिस औषधांच्या दुकानाच्या वर, एक अरुंद जिना चढून होतं. खोलीत फायलींनी भरलेली दोन टेबलं आणि पाय हलणाऱ्या तीन खुर्च्या. आत्याही आली होती.

वकीलबाईंनी आमचा कागद पाहिला. “कंपनीने सही आधी केली होती की नंतर?”

“आधीच होती,” मी म्हणाले.

“ही रेघ ओढल्यावर हा कागद त्यांना दाखवला? फोटो? फोनवर सांगितलं?”

“नाही.”

“त्यांना पाठवलेल्या प्रतीवर रेघ नाही.”

“नाही. प्रतीवर खाडाखोड करत नाहीत,” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

वकीलबाईंनी कागद टेबलावर ठेवला. “म्हणजे तुम्ही नकार दिलात, पण कपाटाला दिलात.”

कुणी हसलं नाही. त्यांनाही तसं अपेक्षित नसावं.

“पण त्याच्या मनात नव्हतं ते मान्य करायचं,” आत्या म्हणाली. “आम्ही तिघंही साक्षीला आहोत.”

“मनात काय होतं ते करार विचारत नाही हो. समोरच्याला काय दिसलं, ते विचारतो. समोरच्याला स्वच्छ पान आणि खाली सही दिसली. त्याच्या भरवशावर त्याने काम दिलं, कच्चा माल पाठवला. उद्या प्रत्येक जण म्हणायला लागला, सही केली पण मनात नव्हतं, तर सहीला अर्थ काय उरला?”

मी विचारलं, “आणि रेघ ओढलेलाच कागद पाठवला असता तर?”

“तर तो नवा प्रस्ताव झाला असता. तुमच्या बाजूने. त्यांनी एक अट घातली, तुम्ही ती काढून पुढे केलीत. अजून करार नाही. मग त्यांनी रेघेशेजारी सही केली असती, किंवा काही न बोलता तुमच्या अटीवर काम सुरू केलं असतं, तर तो तसा झाला असता. नाहीतर झालाच नसता. एकट्याने ओढलेली रेघ करार बदलत नाही. ती फक्त विचारते, हे चालेल का?”

“आम्ही विचारलंच नाही,” मी म्हणाले.

“नाही विचारलंत.”

“न वाचता केलेली सही असती तर?”

“बहुतेक वेळा तरीही बांधून घेते. फसवलं असेल, धाक घातला असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही तर फूटपट्टी लावून वाचलंय.”

आत्या खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, “आमच्याकडे सही म्हणजे मी पाहिलं. एवढंच. मी हे पाहिलं, हे असं होतं. तीस वर्षं मी तेच लिहीत आले.”

“तुमची सही मागे बघते,” वकीलबाई म्हणाल्या. “झालेल्या गोष्टीला खरं म्हणते. ही सही पुढे बघते. मी असं वागेन आणि नाही वागलो तर तुम्ही मला धरा, असं ती म्हणते.”

“अशी अट घालणं मुळात चालतं का?” बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “दुसऱ्या कुणाचं कामच करायचं नाही, हे काय?”

“त्यावर भांडता येईल. करार संपल्यावरही करू नका असं असतं, तर मी जास्त जोर लावला असता. पण करार चालू असताना फक्त आमचंच करा, ही अट बऱ्याचदा टिकते. भांडलात तरी निकाल लागेपर्यंत तुमच्या बाईंची विहीर आटेल.” त्यांनी फाइल मिटली. “करार जसा झाला तसाच बदलतो. दोघांच्या संमतीने, दोघांच्या सहीने. त्यांच्याकडे जा आणि मागा. फक्त एक लक्षात ठेवा, ते हो म्हणायला बांधलेले नाहीत. तुम्हाला काही द्यावं लागेल.”

उतरताना जिन्यात आत्या म्हणाली, “फुंक्या, हे माझ्यामुळे झालं.”

“कागद तुझ्या हातात मी दिला,” बाबा म्हणाले. “खाली बघून उतर, पायरी तुटकी आहे.”

घरी आल्यावर मी म्हणाले, “खेकडा तयार आहे. बाईंना संध्याकाळी बोलवू, गुपचूप देऊन टाकू. अळीमिळी. साहेबांना काय कळतंय?”

बाबांनी खेकडा फळीवरून उचलला आणि उजेडात फिरवून पाहिला. पाचही सांधे स्वच्छ होते. मी तपासले होते. “साहेबांना नाही कळणार,” ते म्हणाले. “पण आता मला कळलंय ना, मी काय लिहून दिलंय ते. परवापर्यंत कळलं नव्हतं तेव्हा गोष्ट वेगळी होती.” आणि तो परत फळीवर ठेवला.

“बाईंचं पाणी खराब होईल.”

“म्हणून तर साहेबांना फोन लाव.”

साहेब दोन दिवसांनी आले. सोबत कुणी नव्हतं. वर विचारून झालं होतं, आणि निर्णय त्यांच्यावरच सोपवला होता. आत्याने कुणी काही म्हणायच्या आत सगळं सांगितलं. रेघ कुणी ओढायला लावली, प्रत स्वच्छ का ठेवली, मूळ म्हणजे तिला काय वाटलं होतं. काही लपवलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही. अहवाल वाचावा तशी ती बोलली.

साहेब ऐकत होते. “माझी भीती तुम्हाला सांगतो,” ते म्हणाले. “तुम्ही हेच कंडेन्सर आमच्या शेजारच्या कंपनीला द्याल, ही. या खेकड्याचं मला काहीच नाही. असली वस्तू मी विकूही शकणार नाही. पण एकाला सोडलं की दुसरा विचारतो.”

“मग सूट एकट्या त्या संस्थेला, असं नाव घालून लिहा,” मी म्हणाले. “आणि तिलाही कंडेन्सर नाहीत, असंही लिहा.”

“लिहितो. पण मग मला काय?” त्यांनी बाबांकडे पाहिलं. “मुदत एक वर्ष वाढवा. तीनाची चार.”

चार वर्षं कंडेन्सर. मी बाबांचा चेहरा बघितला. ते नळ्यांकडे बघत होते, जणू मनात त्यांचे तुकडे पाडत होते.

“विचार करून उद्या सांगा,” साहेब म्हणाले.

“विचार करून झाला,” बाबा म्हणाले. “पण लिहिलेलं वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही.”

साहेब हसले. “दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणार तुम्ही.”

“तो तर धंदाच आहे त्याचा,” आत्या म्हणाली. त्या दिवसांत तिने पहिल्यांदाच थट्टा केली होती.

पुरवणी करार एका पानाचा होता. दोन प्रती. वकीलबाईंनी आधी पाहून दिला. बाबांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला, एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा त्यांनी मधे मधे अडवण्यासाठी. संस्थेसाठी म्हणजे कोणत्या. उपकरणं म्हणजे कोणती. एक वर्ष कुठल्या तारखेपासून. एका जागी साहेबांचंच चुकलं होतं, तारीख मागची पडली होती. त्यांनी पेन काढलं.

“थांबा,” आत्या म्हणाली. तिने फूटपट्टी पुढे सरकवली. “एक रेघ. शेजारी बरोबर तारीख. मग तुमची छोटी सही, त्याच्याखाली ह्याची. आता दुसऱ्या प्रतीवर तेच.”

साहेबांनी मुकाट्याने केलं. दोन्ही पानं शेजारी ठेवून तिने ओळीला ओळ लावून पाहिली.

मग बाबांनी पेन घेतलं. टोपण काढलं आणि थांबले. पहिल्या वेळी त्यांनी घरी आलेल्या कुरिअरच्या पावतीवर करावी तशी सही केली होती. मला वाटलं, त्यांचा विचार बदलला. त्यांनी मला विचारलं, “चार वर्षं बाईंची संस्था सोडून दुसऱ्या कुणाचं काही बनवायचं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“शाळेतून कुणी आलं तरी?”

“तरी नाही.”

“आणि मला कंटाळा आला तरी?”

“तरी नाही, बाबा.”

“ठीक आहे.” त्यांनी सही केली. एकदा, आणि दुसऱ्या प्रतीवर पुन्हा एकदा. साहेबांनी केली. खाली साक्षीदार म्हणून एक रिकामी ओळ होती.

“तुम्ही करता का?” साहेबांनी आत्याला विचारलं.

ती लगेच पुढे आली नाही. “मी केली तर मी कशाकशाला बांधली जाते?”

“कशालाच नाही. या दोघांनी तुमच्यासमोर सही केली, एवढंच.”

“म्हणजे मी पाहिलं.”

“हो. तुम्ही पाहिलं.”

तिने चष्मा पुसला, बाबांची सही पाहिली, साहेबांची पाहिली, आणि त्या ओळीवर आपलं नाव पूर्ण लिहिलं. दोन्ही प्रतींवर, सारख्या अक्षरात.

साहेब त्यांची प्रत घेऊन गेले. बाबांनी खेकडा कापसात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, निघालेच, आणि डाव्या तोंडाचा कोन जरा वेगळा असता तर बरं झालं असतं. मी तसं बाबांना सांगितलं.

“तिला म्हणावं आधी घेऊन तर जा,” बाबा म्हणाले. ते स्टुलावर बसले, बर्नर पेटवला, कंडेन्सरची नळी उचलली आणि रेडिओ लावला.